अर्ज मागे घेण्याचं कारण

कारखान्यात मला सगळे भिंग म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण म्हणतात हे मला पक्कं माहीत आहे, कारण माझे कान तिखट आहेत. तयार कपड्यांच्या कारखान्यात मी शेवटची चेकर. शिवून, इस्त्री होऊन शर्ट माझ्या टेबलावर येतो. मी तो उलटा करते, काखेतली शिवण ताणून बघते, कॉलरची दोन टोकं एकमेकांवर ठेवून बघते, आणि खोट सापडली की तिथे लाल बाणाचं स्टिकर चिकटवते. एकवीस वर्षं हेच करते आहे. दादा म्हणतो, या कामाने तुझा स्वभाव नासला. मी म्हणते, नासला नाही, सुधारला. गोड बोलणारा माणूस भेटला की मी मनातल्या मनात त्याला उलटा करून बघते.

तर पासपोर्ट ऑफिसचं पाकीट आलं तेव्हाच मला वास आला. जाड होतं. हो म्हणायला कुणाला एवढा कागद लागत नाही. आमचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीकडे मला पंधरा दिवस ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं होतं, म्हणून बेचाळिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा मी पासपोर्टचा अर्ज केला होता. उत्तरात लिहिलं होतं की नागरिकांच्या नोंदीत माझं नाव नाही. मला परदेशातून दत्तक घेतल्याचा कोर्टाचा हुकूम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दत्तक घेतल्याने मूल आपोआप इथलं होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करून वेगळा दाखला काढावा लागतो, आणि तो दाखला माझ्या नावे कधी निघालेलाच नाही. सबब मी परदेशी आहे, आणि कोणत्या परवानगीवर इथे राहते याचा खुलासा साठ दिवसांत करावा, नाहीतर देश सोडावा.

मी ते पत्र तीनदा वाचलं. चार वर्षांची असताना मला इथे आणलं. जिथून आणलं तिथली भाषा मला येत नाही, एक शब्द नाही. तिथे मला कुणी शिवी दिली तरी मी मान डोलवेन. मी इथे शाळेत गेले, इथे कर भरला, दोनदा मतदान केलं. मतदानाचं मात्र कुणापुढे बोलू नका, असं वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं.

वकीलबाई म्हणजे आमच्या सुपरवायझरची मावसबहीण. त्यांची फी परवडली आणि त्या गोड बोलल्या नाहीत, म्हणून मी त्यांना धरलं. त्यांनी माझ्या नावे दाखल्याचा नवा अर्ज टाकला, नोंदणी कार्यालयात चौकशी केली आणि आठ दिवसांनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुमच्या आईने अर्ज केला होता. तुम्ही लहान असताना, वेळेत, सगळ्या कागदांसकट केला होता. आणि मग स्वतःच्या सहीने मागे घेतला.

मी विचारलं, का मागे घेतला. त्या म्हणाल्या, ते तुम्ही आईला विचारा, फाइल सुनावणी घेणाऱ्या साहेबांकडे आहे आणि मला तिची नुसती पोच मिळाली आहे. पोचेवर फक्त साल होतं.

आता माणसाने सरळ घरी जाऊन विचारावं की नाही. मी नाही विचारलं. मी बघायला लागले. आई आणि मी एकाच घरात राहतो, दादा दोन गल्ल्या पलीकडे. पत्र आल्याचं मी दोघांनाही सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून घरात काहीतरी बदललं होतं. आईच्या कपाटाची किल्ली नेहमी खिळ्याला असायची, ती तिच्या कमरेला गेली. दादा आला की दोघं बाल्कनीत जाऊन बोलायची आणि मी चहा घेऊन गेले की एकदम कुंड्यांना पाणी कमी पडतंय यावर यायची. कुंड्यांशी दादाचा काय संबंध? त्याला गुलाब आणि कोबी यातला फरक कळत नाही.

मी हिशेब लावला. घर आईच्या नावावर आहे. मी परदेशी ठरले तर माझा वाटा गेला. दादावर असा संशय घेताना मला लाज वाटली, पण घेतला. आईवरही घेतला. बाबा मला आणल्यावर वर्षभरातच वारले होते. आई इस्पितळाच्या धुलाईघरात काम करायची. दोन पोरं, एक पगार. अशा बाईला दुसऱ्याची पोर पदरात नकोशी झाली असेल तर? परत करायची सोय राहावी म्हणून तर तिने अर्ज मागे घेतला नसेल? हा विचार डोक्यात एकदा शिरला आणि मग तिने वाढलेला भातसुद्धा मला वेगळा लागायला लागला.

रविवारी आई आंघोळीला गेली. किल्ली काढून तिने पलंगावर ठेवली होती. मी कपाट उघडलं.

वरच्या खणात, बाबांच्या फोटोखाली, दोन छापील फॉर्म होते. दोन्ही माझ्या नागरिकत्वाचे, दोन्ही आईच्या हस्ताक्षरात भरलेले. एकावर माझं वय दहा होतं, दुसऱ्यावर सतरा. नाव, जन्म, दत्तक हुकमाचा नंबर, सगळं नीट वळणदार अक्षरात. फक्त सातवा रकाना दोन्हीकडे कोरा होता. त्यात छापलं होतं, पूर्वी केलेला अर्ज मागे घेतला असल्यास त्याचं कारण. दुसऱ्या फॉर्मवर त्या जागी पेनचं टोक टेकवल्याचे ठिपके होते. लिहायला घेतलं आणि लिहिलं नाही.

आई ओल्या केसांनी दारात उभी होती. मी फॉर्म तिच्यासमोर धरले आणि विचारलं, "माझ्यात काय खोट होती?"

ती पलंगावर बसली. मग उठली, खालच्या खणातून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत परक्या लिपीतलं एक पत्र होतं आणि त्याला टाचलेलं भाषांतर. मला जिने आणलं त्या संस्थेने ते पाठवलं होतं. माझ्या जन्मदात्रीचं पत्र. मला असं काही असेल अशी कल्पनाही नव्हती. चारच ओळी होत्या. माझी मुलगी बरी आहे का? तेव्हा माझ्यापुढे इलाज नव्हता, आता मला काम मिळालं आहे. ती तिथे कुणाला जड होत असेल तर कळवा. मी येऊन तिला घेऊन जाईन.

आई म्हणाली की याच पत्रामुळे तिने अर्ज मागे घेतला. खरी आई मागते आहे आणि आपण घाईघाईने पोरीवर शिक्का मारून घ्यायचा, हे तिला पटेना. तुला तिकडची राहू द्यावं, मोठी झालीस की तुझं तू ठरवशील, असं तिला वाटलं. पण मग सांगायचं धाडस झालं नाही. तू निघून जाशील अशी भीती वाटली. फॉर्म दोनदा आणले, पण कारण लिहायचं तर पत्राचं लिहावं लागणार, आणि ते तू वाचणार.

मी रडले. बेचाळीस वर्षांची बाई मी, आईच्या ओल्या केसांत तोंड खुपसून धाय मोकलून रडले. जिच्यावर मी नाही नाही तो संशय घेतला, ती बाई माझ्यासाठी माझा रस्ता उघडा ठेवत होती, आणि मी तिच्या कपाटाला चोरासारखा हात घातला. मी पाया पडून माफी मागितली. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि काही बोलली नाही. तेव्हा मला वाटलं की तिने मला माफ केलं.

दादा बाल्कनीत आईशी वकिलाच्या पैशांची जुळवाजुळव बोलत होता, हेही मग कळलं. त्यानंतरच्या आठवड्यात ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की तारखेपासून सहीपर्यंत पाठ झालं.

मग आम्ही तिघं वकीलबाईंकडे गेलो. मोठ्या कौतुकाने मी पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, हे फाइलमध्ये गेलं तर संपलं. नियम असा होता की वय उलटून गेल्यावर केलेला अर्ज एकाच कारणाने मान्य होतो, दाखला राहून गेला त्यात मुलाचा काही दोष नसून पालकांचा कसूर असेल तर. पण पालकांनी विचार करून, मुलाचं परकं नागरिकत्व टिकावं म्हणून अर्ज मागे घेतला असेल, तर तो कसूर नव्हे, ती निवड. आणि पालकांची निवड मुलाला लागू. म्हणजे जिने माझं भलं चिंतलं तिच्यामुळे मी देशाबाहेर, आणि जिने माझं वाईट केलं असतं तिच्यामुळे मी आत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कसला नियम, म्हणून मी टेबलावर हात आपटला, तर वकीलबाईंनी शांतपणे पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

सुनावणीला आईला शपथेवर एकच प्रश्न विचारणार होते, अर्ज मागे का घेतला. दादा म्हणाला, मग सांगू की पोर नकोशी झाली होती. परत पाठवायची होती. याहून मोठा कसूर कुठला? वकीलबाई म्हणाल्या, मी शपथेवर खोटं बोलायला कुणाला सांगत नाही, आणि तुम्ही आत्ता जे बोललात ते मला ऐकू आलं नाही. एवढं बोलून त्या उठून खिडकी लावायला गेल्या. खिडकी लावलेलीच होती.

मी म्हटलं, आई असलं काही बोलणार नाही. मला ते ऐकायचंही नाही.

आईने पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "बोलेन मी."

सुनावणीची खोली लहान होती. भिंतीला लागून फाइलींची कपाटं, मधे टेबल, आणि त्यामागे सर्दी झालेले साहेब. दर दोन वाक्यांनंतर ते थर्मासमधून गरम पाणी पीत. आईने शपथ घेतली. तिने लग्नाकार्याला नेसायची साडी नेसली होती आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. साहेबांनी फाइल उलगडली आणि रेकॉर्डसाठी मोठ्याने वाचलं, अर्ज दाखल अमुक तारखेला, आणि त्याच वर्षी तीन मार्चला अर्जदार मातेने स्वतः हजर राहून अर्ज मागे घेतला.

तीन मार्च.

पत्रावरची तारीख होती एकोणीस जुलै. साल तेच. अर्ज मागे घेतला तेव्हा ते पत्र लिहिलेलंच नव्हतं. त्याला साडेचार महिने अवकाश होता.

मी आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांनी कारण विचारलं आणि ती बोलायला लागली, घरात बोलते त्याच आवाजात.

"मला ती झेपत नव्हती साहेब. नवरा गेला होता. ही बोलायची नाही. वर्ष झालं तरी मला हाक मारायची नाही. पोळ्या चोरून गादीखाली लपवायची, त्यांना मुंग्या लागायच्या. माझ्या मुलाला चावली, दंडाला टाके पडले. मी धुलाईघरातून बारा तास उभी राहून यायची आणि ही कपाटामागे बसलेली असायची. एक दिवस मी हिला इतकं मारलं की शेजारीण आली. मग मी संस्थेला फोन केला. ते म्हणाले, परत घेतो, पण एकदा ती इथली नागरिक झाली की घेता येणार नाही, आधी तो अर्ज मागे घ्या. मी घेतला. बॅग भरली. हिला घेऊन स्टेशनवर गेले."

साहेब लिहायचे थांबले होते. वकीलबाई टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. दादाचा हात नकळत दंडावर गेला होता. तो मात्र आतून खूश दिसत होता, आई एवढं रचून बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला पत्रावरची तारीख कुठे ठाऊक होती. त्याने पत्र एकदाच वाचलं होतं आणि डोळे पुसले होते.

मला मात्र कळलं. मुंग्यांचं कुणी रचत नाही.

साहेबांनी विचारलं, मग पाठवलं का नाहीत. आई म्हणाली, नाही पाठवली. नंतर पुन्हा अर्ज का केला नाहीत? आई म्हणाली, "तुमच्या फॉर्मात मागे घेण्याचं कारण विचारतात. मला लिहिता आलं नाही. खोटं लिहवेना आणि खरं मुलीने वाचलं असतं."

साहेबांनी नाक पुसलं. मुलीला हे आधी माहीत होतं का, असं विचारलं. आई म्हणाली, आज कळलं. मग त्यांनी बराच वेळ लिहिलं आणि वाचून दाखवलं, की कसूर सर्वस्वी मातेचा आहे, मुलीचा यात कसलाही दोष दिसत नाही, अर्ज मंजुरीच्या शिफारशीसह पुढे पाठवण्यात येत आहे. तीन आठवड्यांत दाखला येईल, तोवर साठ दिवसांची मुदत थांबली असं समजा, म्हणाले. आईला कसूर मान्य असल्याची सही करावी लागली. तिने ती तिच्या नेहमीच्या वळणदार अक्षरात केली.

बाहेर आलो तर वकीलबाईंना दुसरी तारीख होती, त्या माझा हात दाबून घाईने निघून गेल्या. दादाला हसू आवरत नव्हतं. म्हणाला, आई, तू नाटकात जायला हवी होतीस, मुंग्या काय, शेजारीण काय, माझ्या अंगावर काटा आला. मी रिक्षा बघतो, असं म्हणून तो जिना उतरून गेला.

आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. साठ दिवसांपैकी अकरा उरले होते आणि मी इथली झाले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला आईला गदागदा हलवावंसं वाटत होतं. संशय खरा निघाला तर माणसाला बरं वाटतं असा माझा आजवरचा अनुभव. आज नाही वाटलं.

मी विचारलं, "स्टेशनवरून परत का फिरलीस?"

तिने पर्सची चेन उघडली आणि लावली. मग म्हणाली, "तू झोपली होतीस. बाकावर, माझ्या मांडीवर. गाडी आली तर तुला उठवायचं जिवावर आलं. म्हटलं पुढच्या गाडीने जाऊ. पुढची आली, तरी तू झोपलेलीच. मग संध्याकाळ झाली, दादा शाळेतून येऊन दारात बसला असेल म्हणून घरी आलो."

"दुसऱ्या दिवशी जायचंस."

"जाणार होते. बॅग आठ दिवस भरलेलीच होती. मग तुझे कपडे लागायला लागले, तसतसे काढले."

एवढंच. माझं अख्खं आयुष्य, नोकरी, हे गाव, ही भाषा, सगळं एका दुपारच्या झोपेवर आणि दोन-चार फ्रॉकांवर टिकलेलं होतं. मला भयंकर राग आला. आणि त्या दुसऱ्या बाईच्या वतीनेही आला, जिने काम मिळाल्यावर पहिलं काय केलं तर पत्र लिहिलं.

मी म्हटलं, "जुलैत ती न्यायला यायला तयार होती. तुला तर हवंच होतं तसं. तिला उत्तर का नाही दिलंस?"

आता आईने माझ्याकडे पाहिलं. सत्तर वर्षांची बाई, पण त्या घटकेला तिच्या चेहऱ्यावर असलं काही होतं की मला तिची भीती वाटली.

"पत्र आलं त्याच महिन्यात मी घर बदललं," ती म्हणाली. "संस्थेला नवा पत्ता दिला नाही."

मार्च ते जुलै. त्या चार महिन्यांत या बाईचं काय झालं होतं, ते ती सांगू शकत नव्हती आणि मी विचारू शकत नव्हते. तिने माझ्यापासून एक बाई तोडली होती, आणि हे मी तिला माफ करेन की नाही, मला आजही माहीत नाही. पण तिने मला ठेवून घेतलं होतं, चोरून का होईना, आणि याबद्दल आता माझ्या मनात कणभर संशय नव्हता. मी तिच्या हातातली पर्स काढून घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पत्र आत होतं.

जिन्यावर दादाचे पाय वाजले. आईने एकदम माझा दंड धरला. जवळजवळ चाळीस वर्षं जे तिने त्याच्यापासूनही लपवलं होतं, ते मी आता सांगणार की नाही, हे ती माझ्या तोंडावर शोधत होती.

रिक्षा मिळाली, चला, असं म्हणत दादा वर आला आणि आमच्याकडे बघून थबकला. विचारलं, काय झालं, आई अशी का दिसतेय.

मी म्हटलं, "काही नाही. जन्मात कधी इतकं खोटं बोलली नव्हती ना, घशाला कोरड पडलीय तिच्या. जा, पाणी आण."

दादा हसला आणि पाणी आणायला गेला.